गाडीला उशीर कोठे होतो?

वाराणसीच्या शिंदे घाटावर पहाटे उभ्या असलेल्या नावेला कधीच उशीर होत नाही. नावाडी पाण्याकडे पाहत बसलेला असतो. दोन माणसे येतात, मग चार. महाराष्ट्रातून आलेले एखादे कुटुंब आजीला हाताशी धरून पायऱ्या उतरते. नाव भरली असे नावाड्याला वाटले की दोर सुटतो आणि नाव मणिकर्णिकेवरून दशाश्वमेधाकडे निघते. बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास उभारलेला हा घाट आपल्याच दगडांच्या भाराने खचला. त्याच्या पायथ्याशी कललेले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ वर्षातला बराच काळ पाण्यात असते. अशा ठिकाणी घड्याळाकडे पाहण्याची इच्छा फारशी कोणाला होत नाही. घाटाच्या मागच्या गल्ल्या चढून मैदागिनच्या रस्त्यावर आले, तरी नियम तोच असतो. चार-पाच सवाऱ्या बसल्या की रिक्षा निघते. त्यापूर्वी निघत नाही, आणि निघाली नाही म्हणून कोणी तक्रारही करीत नाही.

मग तेच कुटुंब छावणी भागातल्या रेल्वेस्थानकाजवळच्या बसस्थानकावर येते. तेथे फलकावर तास आणि मिनिटे लिहिलेली असतात. आजीला बसायला जागा मिळते, आणि घरातला कर्ता पुरुष पहिल्यांदाच मनगटाकडे पाहतो. उशीर ही गोष्ट येथून सुरू होते. भरल्यावर सुटणाऱ्या वाहनाला उशीर होत नाही. होतो तो त्यात बसलेल्या माणसाला, आणि त्याची नोंद कोणाच्याही वहीत होत नाही. ज्या वाहनाने वेळेचे वचन दिले, त्यालाच ते वचन मोडता येते.

महाराष्ट्रात हा फरक एका पिढीने डोळ्यांदेखत पाहिला. खाजगी 'सर्व्हिस' मोटारींच्या काळात गावाच्या नाक्यावर मोटार उभी राही, चालवणारा चहा घेई, त्याचा मदतनीस गावांची नावे पुकारी, आणि बाके भरून टपावर बोचकी चढेपर्यंत इंजिन सुरू होत नसे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. त्या गाडीचे नावीन्य तिच्या रंगात किंवा बाकांत फारसे नव्हते. ती रिकामी असली तरी ठरल्या वेळी सुटणार, हे नवे होते. खेड्यातल्या माणसाला तालुक्याच्या कचेरीत, दवाखान्यात, शाळेत किंवा बाजारात अमुक वाजता पोहोचता येईल असा भरवसा धरण्याची सोय त्यातून झाली. पुढील पाऊणशे वर्षांत या भरवशावर किती घरांचे दिनक्रम उभे राहिले, हे सांगायला नको. म्हणून गाडी पंधरा मिनिटे उशिरा आली तर त्यात काय मोठेसे, असे म्हणून भागत नाही. तालुक्याच्या गावी पुढली गाडी गाठायची असते, आणि ती चुकली तर त्या दिवशीची मजुरी जाते किंवा परीक्षेचा पहिला पेपर जातो.

उशिराचे कारण विचारले, की उत्तर ठरलेले असते: रस्ता वाईट, वाहने फार, घाटात मालमोटार बंद पडली. ही कारणे खोटी नाहीत. पण वेळापत्रक आखणाऱ्याला ती बहुधा ठाऊक असतात. खड्ड्यांचा रस्ता रोजच खड्ड्यांचा असतो आणि सकाळची गर्दी रोज सकाळीच होते. धावण्याच्या वेळेत त्यांची तरतूद करता येते. मोजणीतून निसटतात ती गाडी उभी असतानाची मिनिटे. दारात माणसे चढताना, पैसे देता-घेताना, एक चालक उतरून दुसरा बसताना गाडी उभी असते. ही मिनिटे थोडी-थोडी जातात, म्हणून कोणाच्या ध्यानात राहत नाहीत.

साधा हिशेब करून पाहावा. समजा, शहरातल्या एका मार्गावर ३० थांबे आहेत आणि प्रत्येक थांब्यावर सरासरी ६ माणसे चढतात. एका फेरीत १८० माणसे झाली. प्रत्येकाला पायरी चढून आत जायला २ सेकंद लागले, तर सगळे मिळून ६ मिनिटे जातात. हेच माणूस दारात थांबून कोठे जायचे ते सांगू लागले, नोट पुढे करून सुटे परत घेऊ लागले, आणि त्याला ६ सेकंद लागले, तर तीच बेरीज १८ मिनिटांची होते. मधली १२ मिनिटे ना रस्त्यातल्या खड्ड्याने खाल्ली, ना वाहतुकीने. माणशी चार सेकंद जास्त गेले, एवढेच घडले.

आपल्याकडील वाहकाची पद्धत किती शहाणपणाची आहे, हे या हिशेबावरून उमजते. माणसे चढतात, वाहक दोनदा घंटा वाजवतो, गाडी सुटते आणि तिकिटांचे काम धावत्या गाडीत होते. मुंबईत वाहक गर्दीतून वाट काढीत प्रवाशाकडे जातो. दिल्लीच्या बसमध्ये तो दाराजवळच्या आपल्या जागी बसतो आणि प्रवासी त्याच्याकडे जातात. रीत कोणतीही असो, पैसे घेण्यासाठी गाडी उभी राहत नाही.

लंडनमध्येही दीर्घकाळ हेच होते. मागे उघडा ओटा असलेल्या दुमजली गाड्यांत वाहक असे आणि तो फिरत्या गाडीत तिकिटे देई. १९५३ पासून तेथील वाहकांच्या गळ्यात गिब्सन यंत्र आले. आकडे जुळवून मूठ फिरवली की कोऱ्या कागदाच्या गुंडाळीवर तिकीट छापून बाहेर येई. पुढे खर्च वाचवण्यासाठी वाहक कमी झाले आणि पैसे घेण्याचे काम चालकाकडे आले. तसे थांब्यावरचे थांबणे वाढले. वाहक असलेल्या त्या जुन्या गाड्यांची नेहमीची सेवा ९ डिसेंबर २००५ रोजी संपली. चालकाला नाणी मोजत बसवणे परवडत नाही हे पटल्यावर कार्डे आली, आणि ६ जुलै २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेणेच बंद झाले. एका माणसाचा पगार वाचवून जो वेळ गमावला, तो परत मिळवायला त्या शहराला कित्येक वर्षे आणि बरेच यंत्रसाहित्य खर्ची घालावे लागले.

येथे तिकिटाच्या जन्मकथेकडे वळणे उपयोगाचे आहे, कारण तिकीट हे प्रवाशाच्या सोयीसाठी निर्माण झाले असा एक भाबडा समज आहे. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत तीन आणे भाडे होते, आणि तिकीट मुळी नव्हतेच. लोक बसत, पैसे देत, उतरत. भाडे पुढे दोन आण्यांवर आले, गर्दी वाढली, फुकट जाणारेही वाढले, आणि त्याच वर्षी तिकिटे काढावी लागली. म्हणजे तिकीट आले ते हिशेबासाठी. १८७८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या बेल पंच कंपनीचे यंत्र तर याचा अस्सल नमुना होते. वाहकाने तिकिटाला भोक पाडले की यंत्रातली घंटी वाजे, म्हणजे भोक पाडल्याचे साऱ्या गाडीला ऐकू जाई. कागदाचा कापलेला बारीक तुकडा यंत्राच्या पोटात साठत राही. संशय आला तर कचेरीत ते तुकडे रंगानुसार मोजून वाहकाने किती पैसे भरायला हवे होते ते काढता येई. यंत्राचा सारा भर वाहकावरच्या अविश्वासावर होता. गाडी लवकर पोहोचावी हा विचार त्याच्या रचनेत नव्हता. तिकिटाचे यंत्र आले म्हणजे गाडी आपोआप वेळेवर येईल, ही अपेक्षा बाळगणाऱ्याने हे विसरू नये.

एस.टी.च्या वाहकाकडे अनेक दशके पत्र्याची पेटी होती. तीत निरनिराळ्या किमतींच्या तिकिटांचे गठ्ठे ओळीने लावलेले आणि हातात पंच. भाड्याच्या नेमक्या रकमेचे तिकीट नसले तर दोन-तीन तिकिटे जोडून रक्कम पुरी करावयाची. एस.टी.चे भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते, म्हणून कोणत्या टप्प्यावर चढला आणि कोठे उतरणार, हे लक्षात ठेवून भोक पाडावयाचे. त्यात वेबिल लिहिणे असे. प्रत्येक गठ्ठ्याचा सुरुवातीचा क्रमांक आणि ठरावीक टप्प्यावर पोहोचल्यानंतरचा क्रमांक त्यात मांडावा लागे, आणि तपासनीस चढला की तो डोकी मोजून, तिकिटे पाहून तो आकडा पडताळी. उताराच्या खडबडीत रस्त्यावर, एक हात दांड्याला, बगलेत पेटी, पुढे टोपलीवाली बाई आणि मागे दोन आंब्याच्या करंड्या, अशा स्थितीत हे लेखन चाले. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना वाहकाच्या अक्षराला नावे ठेवणे जमणार नाही.

आता या पद्धतीत उशीर कोठे शिरतो ते पाहावे. गाडी धावत असताना तिकिटे देणे चांगलेच, पण पुढचा टप्पा येण्यापूर्वी ती देऊन झाली पाहिजेत. बाजाराच्या दिवशी स्थानकातच साठ-सत्तर माणसे चढली आणि पहिला टप्पा आठ-दहा मिनिटांत येणार असला, तर वाहकाच्या हाताला ते झेपत नाही. मग गाडी गावाबाहेर पडते आणि चिंचेच्या झाडाखाली उभी राहते. चालक इंजिन बंद करतो. 'बुकिंग' पुरे होईपर्यंत ती तेथून हलत नाही. नव्या माणसाला वाटते, काही तरी बिघडले. जुना माणूस पेंगू लागतो. स्थानकातून गाडी वेळेवर सुटल्याची नोंद झालेली असते, आणि झाडाखालची दहा मिनिटे कोणत्याच कागदावर नसतात.

सुट्या पैशांचा प्रश्न याहून चिवट. परत द्यायचे पैसे नसले की वाहक तिकिटाच्या मागे आकडा लिहून देई, आणि उतरताना प्रवासी तो हक्क बजावी. चार रुपयांसाठी दारात झालेला वाद तेवढाच वेळ घेतो, जेवढा चारशे रुपयांसाठी घेतला असता, आणि त्या वेळात गाडीतली पन्नास माणसे थांबलेली असतात. २०१८ साली एस.टी.ने भाडे ५ रुपयांच्या पटीत आकारावयाचे ठरवले, तेव्हा चर्चा झाली ती कोणाचा रुपया वाढला आणि कोणाचा कमी झाला याची. वेळेच्या दृष्टीने मात्र तो निर्णय एखाद्या यंत्राइतकाच मोलाचा होता. मुंबईत बेस्टने ९ जुलै २०१९ पासून किमान भाडे ५ रुपये केले, तेव्हाही हेच घडले. एक नाणे हातात घेऊन चढणारा प्रवासी वाहकाला क्षणभरात मोकळा करतो. ते भाडे मे २०२५ मध्ये १० रुपये झाले. खिशाला ते जड गेले, पण नाणे अजूनही एकच पुरते.

यंत्रे आली ती २०१० च्या सुमारास. गावाचे नाव निवडून कळ दाबली की चिटोऱ्यावर भाडे, टप्पे, तारीख, वेळ सारे छापून येऊ लागले. वेबिलाची आकडेमोड यंत्र करू लागले आणि आगारात परतल्यावरचा हिशेब झटपट होऊ लागला. वाहकाचे मोठेच ओझे उतरले, यात शंका नाही. पण दर तिकिटामागे लागणारा वेळ किती घटला, असे विचारले तर उत्तर सरळ नाही. भाडे पाठ असलेला मुरलेला वाहक पंचाने ज्या वेगाने तिकिटे फाडी, तो वेग गावांची यादी खालीवर सरकवणाऱ्या बोटाला नेहमी साधतोच असे नाही. छपाईला तिचा वेळ लागतो. कागदाची गुंडाळी नेमकी गर्दीत संपते. विद्युतघट उतरला तर वाहक पुन्हा जुन्या पेटीकडे वळतो, आणि दोन्ही पद्धतींचा मेळ घालण्यात आणखी वेळ जातो. फोनवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून सुट्यांचा वाद मिटला खरा, पण डोंगराआड संपर्क तुटला की 'पैसे गेले का?' हा नवा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत दोघेही एका चकाकत्या पडद्याकडे पाहत राहतात.

सवलतींचेही तसेच. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे भाडे. लाखो माणसांना घराबाहेर काढणाऱ्या या सवलतींचे मोल पैशांत मोजण्याजोगे नाही. परंतु पैसे न देणाऱ्या प्रवाशालाही शून्य रुपयांचे तिकीट द्यावे लागते, त्याचे ओळखपत्र पाहावे लागते, आणि ते उपरण्याच्या आत पिशवीत, पिशवीतल्या डबीत असते. पैसे घेण्याचे काम गेले तरी तिकीट देण्याचे काम राहिलेच; गाडीतली माणसे मात्र वाढली. सवलत देताना ती मिनिटे वेळापत्रकात धरली होती काय, असे विचारणे हे सवलतीला विरोध करणे नव्हे.

उशिराचा आणखी एक दुर्गुण असा की तो एका जागी थांबत नाही. शहरातला माणूस नेहमी म्हणतो: अर्धा तास एकही बस नाही, आणि मग तीन एकदम! यामागे चालकांचे संगनमत असते असा अनेकांचा ठाम समज आहे. वस्तुतः यामागचे गणित साधे आहे, जी. एफ. न्यूएल आणि आर. बी. पॉट्स या दोघांनी १९६४ साली ते एका निबंधात मांडले. दर दहा मिनिटांनी गाडी आहे असे धरावे. एक गाडी कशाने तरी दोन मिनिटे मागे पडली. पुढल्या थांब्यावर आता दहाऐवजी बारा मिनिटांची माणसे जमलेली असतात. त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, म्हणून ती आणखी मागे पडते. त्यापुढील थांब्यावर आणखी माणसे. तिच्या मागून येणाऱ्या गाडीला मात्र आठच मिनिटांची माणसे मिळतात. ती भराभर पुढे सरकते आणि शेवटी पहिलीला गाठते. पुढची खचाखच भरलेली आणि मागची जवळजवळ रिकामी, अशा दोघी एकामागून एक चालू लागतात. यात कोणाचाही आळस नसतो. माणशी चढण्याचा वेळ जितका जास्त, तितका हा बिघाड वेगाने वाढतो. दारातले चार सेकंद वाचवण्याचे महत्त्व एका गाडीपुरते नाही. मागच्या तीन गाड्यांचे भवितव्य त्यांवर अवलंबून असते.

आता चालक बदलण्याची गोष्ट. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची साधारण मर्यादा घातली. सलग पाच तासांहून अधिक काम नको, मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती हवी, आणि कामाचा आरंभ व शेवट यांत सामान्यतः बारा तासांहून जास्त अंतर नको, असेही त्यात आहे. लांब पल्ल्याच्या मार्गांना काही सूट आहे. बसला मात्र अशी कोणतीही मर्यादा नाही. ती पहाटे पाचापासून रात्री अकरापर्यंत धावू शकते. तेव्हा एका गाडीवर दिवसातून दोन-तीन जोड्या बदलणे अटळ असते. शहरात हा बदल आगाराजवळच्या थांब्यावर होतो, लांबच्या गाडीत वाटेवरच्या एखाद्या आगारात.

या बदलात काय-काय घडते? येणारा चालक गाडीचा ब्रेक सैल वाटतो की काय ते सांगतो, हिशेबाच्या कागदावर सही करतो, आपला डबा आणि टॉवेल घेऊन उतरतो. जाणारा चालक आसन पुढेमागे करतो, आरसे फिरवतो, पायाने ब्रेक चाचपतो. हे सारे तीन मिनिटांत उरकते, आणि त्यात घाई करावी असे कोणी सुचवू नये. उंच माणसाने लावलेले आरसे ठेंगण्या माणसाने तसेच ठेवून निघणे ही वेळेची बचत नव्हे. वाहक बदलत असेल तर काम जास्त. आधीच्या वाहकाने विकलेली तिकिटे घेऊन माणसे गाडीत बसलेली असतात; नव्या वाहकाला त्यांची मोजदाद करून घ्यावी लागते, नाही तर पुढे तपासनीस चढल्यावर हिशेबाचा घोळ त्याच्या गळ्यात पडतो.

पण खरा उशीर या कामांत नाही. तो दोघांची भेट होण्यात आहे. बदली चालक थांब्यावर हजर असेल तर तीन मिनिटे. तो दुसऱ्या गाडीवरून यायचा असेल आणि ती गाडी उशिरा असेल, तर भरलेली बस, चालू पंखे आणि वैतागलेले प्रवासी अशा थाटात कितीही वेळ. एका मार्गावरचा उशीर दुसऱ्या मार्गावर असा उडी मारून जातो. ज्या मार्गावर ना गर्दी ना खड्डे, त्याची गाडी उशिरा का, हे कोडे त्या मार्गाकडे पाहून सुटत नाही. त्या चालकाचा दिवसभराचा कागद पाहिला तर सुटते.

याच्या उलट उदाहरण खेड्यात आहे. मुक्कामाची एस.टी. रात्री शेवटच्या गावी जाते, चालक-वाहक तेथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तीच माणसे घेऊन परत निघते. तिच्या सुटण्याच्या वेळेवर गावातली माणसे उठत. यात चालकाची शिस्त असे, हे खरेच. पण तिला कोणाची वाट पाहावयाची नसे, हेही तितकेच खरे. गाडी तेथेच, माणसे तेथेच, आणि रस्ता अजून निजलेला.

वेळापत्रकात दोन फेऱ्यांच्या मध्ये थोडी मोकळी मिनिटे ठेवलेली असतात. ती दोन कामांसाठी असतात. आलेला उशीर तेथे जिरावा आणि पुढची फेरी पुन्हा वेळेवर सुटावी, हे एक. चालकाने पाणी प्यावे, पाय मोकळे करावेत, हे दुसरे. दारात, सुट्या पैशांत आणि अदलाबदलीत गेलेली मिनिटे जेव्हा मोजलेलीच नसतात, तेव्हा ती याच मोकळ्या मिनिटांतून वसूल होतात. फेरी पुरी होते तोच पुढच्या फेरीची वेळ झालेली असते. चालक न उतरताच गाडी वळवतो. दुपारपर्यंत असे तीनदा झाले की मग वसुलीचे दुसरे मार्ग सुरू होतात: हात दाखवणारी म्हातारी मागे राहते, गाडी थांब्याच्या अलीकडे नाही तर पलीकडे उभी राहते, उतारावर वेग वाढतो. अपघात झाला तर चौकशी त्या वेगाची होते, आणि ती व्हायलाच हवी. सकाळी दारात गेलेल्या सेकंदांची मात्र चौकशी होत नाही.

तिकिटाचे काम गाडीबाहेर काढणे हा एक उपाय जगात अनेक ठिकाणी झाला. ब्राझीलमधील कुरितिबा शहरात १९९१ पासून नळीच्या आकाराचे थांबे उभे राहिले. तेथे आत जातानाच पैसे द्यावयाचे. गाडी आली की सर्व दारांतून एकदम चढावयाचे. अहमदाबादेत २००९ पासून जनमार्गाच्या थांब्यांवर तीच कल्पना आली. महाराष्ट्रात एस.टी.ने आपल्या परीने ती केव्हाच योजली होती. विनावाहक, विनाथांबा गाडीचे तिकीट फलाटावरच मिळते, वाहक खालीच राहतो, आणि गाडी मध्ये कोठे न थांबता दुसऱ्या शहराला जाते. सातारा-पुण्यासारख्या मार्गांवर ही गाडी लोकांच्या अंगवळणी पडली. पण तिचीही एक खोड आहे. वाटेतला वेळ वाचतो. फलाटावर मात्र शेवटची दोन आसने भरेपर्यंत वाहकाचा पाय निघत नाही, आणि वेळेचे वचन पुन्हा त्या सर्व्हिस मोटारीच्या नाही तर शिंदे घाटावरच्या नावेच्या नियमाकडे झुकू लागते. मुंबईत एप्रिल २०२२ मध्ये गेटवे ऑफ इंडिया ते चर्चगेट मार्गावर बेस्टने कार्ड किंवा फोन टेकवून चढण्या-उतरण्याची गाडी काढली. तेथे पैशांची देवघेव एका टकटकीवर आली. ज्यांच्याकडे ना कार्ड ना तसला फोन, त्यांच्यासाठी वाहक हवाच. आणि असे प्रवासी या देशात पुढील पुष्कळ वर्षे बसने जाणार आहेत.

या साऱ्यात यंत्राने एक गोष्ट मात्र अशी आणली आहे, की जी पंचाला कधीच जमली नसती. छापलेल्या प्रत्येक तिकिटावर वेळ असते. कोणत्या टप्प्यावर, किती वाजून किती मिनिटांनी, कोणासाठी तिकीट निघाले, हे त्या छोट्या डबीत साठत जाते आणि रात्री आगारात उतरवून घेतले जाते. सध्या ते उतरते ते पैशांचा मेळ घालण्यासाठी. पण त्याच आकड्यांत चिंचेच्या झाडाखालची दहा मिनिटे आहेत: एकाच टप्प्यावरून, एकामागून एक, चाळीस तिकिटे. बाजारच्या दिवशी पहिल्या दोन टप्प्यांना किती वेळ लागतो, ओळखपत्रे पाहण्यात सरासरी किती सेकंद जातात, चालक बदलल्यानंतरचे पहिले तिकीट किती उशिरा निघाले, हे त्यांवरून वाचता येते. रविवारच्या बाजाराच्या गाडीला पहिल्या टप्प्यासाठी सात मिनिटे जास्त द्यावीत की त्या दिवशी फलाटावर दुसरा वाहक उभा करून आधीच तिकिटे द्यावीत, हे ठरवायला आणखी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही. वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत मात्र अजून दोनच रकाने भरले जातात: गाडी सुटली केव्हा आणि आली केव्हा. उशीर झाला असेल तर शेजारी चालकाला कारण विचारले जाते, आणि तो लिहून देतो: रस्ता खराब.